मुंगसाची टर्बो आणि वडाच्या चाळीस फेऱ्या

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना चार-चार पाय होते आणि तरीही सगळ्यांना गाडी हवी होती.

का, असं विचारू नका. शेजाऱ्याने घेतली म्हणून. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

तर त्या जंगलात रस्ते झाले. रस्त्यांवर खड्डे झाले. नाक्यावर पेट्रोल पंप आला. मागच्या ओळीत कोण हसलं? हो, जंगलात पंप होता. तुमच्या गावात नसेल, त्याला मी काय करू?

पंपावर दोन नळ्या होत्या. एकीतून साधं पेट्रोल यायचं, दुसरीतून प्रीमियम. दोन्हींचा वास सारखाच. फक्त प्रीमियमची नळी हातात घेताना पंपावरची साळूबाई जरा ताठ उभी राहायची.

साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, त्यामुळे तिच्या पंपावर रांगेत कुणी घुसत नसे. ती दिवसभर दोनच वाक्यं बोलायची. "साधं की प्रीमियम?" आणि "झिरो बघून घ्या." एवढ्या दोन वाक्यांवर तिचा संसार छान चालला होता.

आता ह्या पंपावर एक दिवस नरहरी मुंगूस आपली नवी कोरी गाडी घेऊन आला. गोष्ट इथून सुरू होते. नीट बसा.

नरहरी घाटाच्या पायथ्याशी राहायचा. स्वभावाने भला. इतका भला की कुणीही काहीही सांगावं आणि त्याने ते मान हलवत ऐकून घ्यावं. पण तो पहिल्यापासून असा नव्हता. एके काळी तो पटकन निर्णय घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको अनसूया बाळंत होणार होती. बाळंतपणं करणारी घोरपडबाई राहायची वर, घाटमाथ्यावर. नरहरीने कुणाची तरी जुनी गाडी मागून आणली. निघताना अनसूया म्हणाली होती, "अहो, इंजिनात पाणी आहे का बघता का एकदा?" नरहरी म्हणाला होता, "चालेल गं. निघू."

गाडी घाटात गरम होऊन बसली. पिल्लू वाचलं नाही.

ह्यावर मी जास्त बोलणार नाही. तेही दोघं कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून नरहरीच्या तोंडून 'चालेल' हा शब्द गेला तो गेला. चहात साखर घालू का विचारलं तरी तो आधी दोघातिघांचं मत घ्यायचा.

आता अनसूयाला पुन्हा दिवस गेले होते. नरहरीने ठरवलं, ह्या खेपेला घाट आडवा येता कामा नये. म्हणून त्याने जी होती-नव्हती ती पुंजी मोडून टर्बो गाडी घेतली.

टर्बो म्हणजे काय? मलाही पुरतं कळलेलं नाही, पण सांगतो. इंजिनाच्या शेजारी एक पंखा असतो. तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. लग्नात नको-नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलब्या वाढतात, तसा. हवा जास्त, म्हणून जोर जास्त. छोटंसं इंजिन मोठ्या इंजिनासारखं घाट ओढतं. नरहरीला एवढंच हवं होतं.

गौरीच्या दिवशी गाडी दारात आली. अनसूयाने ओवाळलं. नारळ फुटला. चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळं यथासांग झालं आणि नरहरी पंपावर गेला.

"साधं की प्रीमियम?" साळूबाईने विचारलं.

आणि बाळांनो, नरहरी मागे वळून मत देणारं कुणी आहे का ते बघू लागला.

पंपाच्या बाजूला, जांभळाखाली, महिपत अस्वलाचं गॅरेज होतं. महिपत तीस वर्षं गाड्या खोलत होता. त्यातल्या बऱ्याचशा बंदही करत होता. तो ग्रीसचे पंजे पुसत आला.

"साधं टाक," तो म्हणाला. "प्रीमियम म्हणजे निव्वळ थेरं. पेट्रोल ते पेट्रोल. माझ्या आजोबांनी उभ्या जन्मात प्रीमियम टाकलं नाही."

"त्यांची गाडी कुठली होती, महिपतदादा?" नरहरीने आदराने विचारलं.

"त्यांच्याकडे गाडी नव्हती. म्हणून काय झालं?"

नरहरीला ते पटलं. त्याने साधं टाकलं आणि तो घरी निघाला.

वाटेत त्याला त्र्यंबक कोल्हा भेटला. त्र्यंबक हा जंगलातला वाहनतज्ज्ञ. त्याच्या पंजात सदैव मोबाइल असायचा आणि रोज सकाळी तो त्यात बघून "नमस्कार मित्रांनो" म्हणायचा. अर्धं जंगल त्याचं ऐकून दिवसाची सुरुवात करायचं.

"टर्बोत साधं टाकलंस?" त्र्यंबक ओरडला. शेजारच्या झाडावरचे दोन पक्षी उडाले. "अरे, ही अशी गाडी, आणि तिला असलं पाणी पाजतोस?"

"का हो, त्र्यंबकराव? काय होतं?"

"टर्बो हवा दाबतो. दाब वाढला की उष्णता वाढते. उष्णता वाढली की साधं पेट्रोल वेळेआधीच पेटतं. मग इंजिनातून टकटक आवाज येतो. तो आवाज आला की समज, इंजिन गेलं. तेही कुठे जातं माहीत आहे? घाटात जातं."

खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्याचा हाच त्रास असतो. पूर्ण खोटं असतं तर नरहरी हसून पुढे गेला असता.

पण 'घाटात' हा शब्द ऐकला आणि त्याने गाडीचं इंजिनच बंद केलं.

"मग आता वरून प्रीमियम टाकू?"

"मिसळतोस?" त्र्यंबकने कपाळावर पंजा मारला. "आधी टाकी रिकामी कर. दोन जातींचं पेट्रोल एकत्र करायचं नसतं."

नरहरी धावत महिपतकडे गेला. महिपतचं मत वेगळं असेल असं त्याला वाटलं होतं. पण महिपतही म्हणाला, "मिसळू नकोस बुवा. ते वाईट."

जन्मभर ते दोघं एकाही गोष्टीवर सहमत झाले नव्हते. ह्या एकाच गोष्टीवर झाले, आणि नेमकी तीच चुकीची होती.

टाकी रिकामी करायची म्हणजे गाडी चालवायला हवी. पण लांब कुठे जायची नरहरीला भीती. न जाणो, इकडे अनसूयाला कळा सुरू झाल्या तर? म्हणून तो घरासमोरच्या वडाभोवती गाडी फिरवू लागला. गोल, गोल, गोल.

शेजारपाजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई, आपण वटपौर्णिमेला सात फेऱ्या मारतो," भेकरीण म्हणाली. "ह्या भाऊजींच्या चाळीस झाल्या. कितव्या जन्मापर्यंत नेतायत अनसूयाला कुणास ठाऊक."

अनसूया खिडकीत बसून गहू निवडत होती. ती हसली नाही. तिला कळत होतं की हा माणूस (मुंगूस म्हणा हवं तर) कशाला घाबरलाय. पण त्याच्या त्या भीतीचा तिला रागही येत होता. दोन्ही एकदम होतं, बाळांनो. लग्न झालं की कळेल तुम्हाला.

टाकी रिकामी झाली. नरहरीने प्रीमियम टाकलं. तेही थोडंसंच, कारण निर्णय अजून पक्का नव्हता. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी महिपत म्हणाला, "प्रीमियमची सवय लागली की गाडी नखरेल होते. मग साध्यावर हलत नाही." झालं. पुन्हा वड, पुन्हा फेऱ्या, पुन्हा थोडंसं साधं. मग त्र्यंबकचं नवं भाषण. पुन्हा वड.

नवरात्र आलं तोवर वडाभोवती रिंगण पडलं होतं. तिथे गवत उगवायचं बंद झालं.

मग खंडेनवमी आली. त्या जंगलातही खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुजायची रीत होती. महिपतने गॅरेजातले नट-बोल्टचे पाने पुजले. साळूबाईने नळ्यांना झेंडूचे हार घातले. त्र्यंबकने मोबाइलला हळदकुंकू लावलं आणि दोन दिवस त्याचा आवाज नीट जात नव्हता. जंगलाला तेवढीच विश्रांती मिळाली.

नरहरीने गाडी पुजली. आणि गाडीच्या कप्प्यातून ती पुस्तिका बाहेर काढली. कुठली ती? गाडीबरोबर कंपनी देते ना, जाडजूड, ती. अजून प्लास्टिकच्या पाकिटातच होती. नरहरीने पाकीट काही उघडलं नाही. उघडलं की नवेपण गेलं. त्याने पाकिटासकट ती पाटावर मांडली, वर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं, आणि डोळे मिटून म्हणाला, "हिला काही होऊ देऊ नकोस." हिला म्हणजे गाडीला की अनसूयाला, ते त्यालाच माहीत.

अनसूयाने पाटाकडे बघितलं.

"अहो, त्या पुस्तकात लिहिलेलं असेल ना, कुठलं पेट्रोल टाकायचं ते?"

"असेल की."

"मग बघूया का?"

"आज?" नरहरी दचकला. "अगं, पूजेतलं पुस्तक आहे. पूजेत मांडलेलं पुस्तक वाचत नाहीत."

हे बरोबरच होतं. तशी रीतच आहे. अनसूया थांबली. दसरा झाला, सोनं वाटून झालं. तिने पुन्हा विषय काढला.

"आता तर उघडू?"

"आता कसं उघडणार? हळदकुंकू लागलंय त्याला," नरहरी म्हणाला. आणि पुस्तिका हळदीकुंकवासकट पुन्हा कप्प्यात गेली.

तुम्ही हसताय. हसा. पण घरी गेलात की धुलाई यंत्राचं पुस्तक कुठे आहे ते बघा. कपाटात सर्वात वर, पिशवीत, पिशवीच्या आत पिशवीत. आहे ना? मग गप्प बसा आणि ऐका.

कार्तिकातली दुपार होती. ऊन छान पडलं होतं. नरहरी वडाभोवती फिरत होता, कारण सकाळीच त्र्यंबकने 'टर्बो गाडीचे सात शत्रू' ह्या विषयावर भाषण केलं होतं आणि त्यात साधं पेट्रोल पहिल्या नंबरवर होतं. काटा तांबड्या रेघेच्याही खाली गेला होता. अजून तीन-चार फेऱ्यांत टाकी कोरडी होणार, असा त्याचा अंदाज होता.

अनसूया दारात आली. एका हातात बोचकं, दुसरा हात कमरेवर.

"अहो, फेऱ्या पुरे. निघायचंय."

नरहरीने तिच्याकडे बघितलं. मग काट्याकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"आत्ताच?"

"त्याला विचारून सांगते थांबा," अनसूया पोटाकडे बघून म्हणाली आणि गाडीत बसली.

पंप जवळच होता. पण गाडी तिथवरही पोचली नाही. दोनशे पावलं अलीकडे तिने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ती थांबली. पुढे तो घाट दिसत होता. नरहरीचे पंजे स्टिअरिंगवरून सुटेनात.

रस्त्याच्या कडेला एक गवा रवंथ करत उभा होता. त्याने आयुष्यात गाडी चालवली नव्हती आणि पेट्रोलबद्दल त्याला काही मतही नव्हतं. त्यामुळे त्याने न बोलता गाडी ढकलली. एका दमात पंपावर आणून सोडली आणि पुन्हा जाऊन रवंथ करू लागला. ह्या गोष्टीत त्याचं काम एवढंच आहे. मला तो फार आवडतो.

साळूबाईने गाडी बघितली, अनसूयाला बघितलं, आणि प्रसंग ओळखून घाईघाईने विचारलं, "साधं की प्रीमियम?"

नरहरीने तोंड उघडलं. मग मिटलं आणि आधी एका नळीकडे, मग दुसरीकडे बघितलं.

जांभळाखालून महिपत आला. पंपावर चहा पीत बसलेला त्र्यंबक उठला.

"साधं!" महिपत म्हणाला. "टाकी कोरडी आहे. अशात भलतं काही टाकू नकोस."

"प्रीमियम!" त्र्यंबक म्हणाला. "समोर घाट आहे, गाडी टर्बो आहे, आत कळा देणारी बाई आहे. आजच्या दिवशी साधं टाकणं हा गुन्हा आहे."

"गुन्हा? तू कधी इंजिन उघडलंयस का रे?"

"उघडायला कशाला हवं? मी त्यावर चोवीस भाषणं दिलीयत."

"नरहरी, माझं ऐक."

"नरहरी, मागाहून मला बोल लावू नकोस."

रांगेतली माकडं खाली उतरली. एक म्हणालं साधं, दुसरं म्हणालं प्रीमियम, तिसरं म्हणालं अर्धं-अर्धं, त्याला सगळ्यांनी मिळून हाणलं. त्र्यंबकने मोबाइल वर धरला आणि "नमस्कार मित्रांनो" म्हणाला.

नरहरी मधोमध उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपूर्वीचा घाट होता. तेव्हा तो पटकन बोलला होता आणि सगळं संपलं होतं. आता चुकीची नळी निवडली तर? तो म्हणाला, "दोन मिनिटं द्या मला. फक्त दोन मिनिटं. नीट विचार करू दे." आणि खरंच डोळे मिटून विचार करू लागला.

आत अनसूयाला पहिली मोठी कळ आली.

कळ गेली. तिने पुढचा कप्पा उघडला. हळदकुंकवाने माखलेलं पाकीट बाहेर काढलं आणि दातांनी टरकन फाडलं.

"अगं! पूजेतलं आहे ते!" नरहरी किंचाळला.

"मग देव बोलेल आता," अनसूया म्हणाली. तिने अनुक्रमणिका बघितली. इंधन, पान एकशे बारा. पान काढलं. आणि मोठ्याने वाचलं, "ह्या गाडीसाठी एक्याण्णव ऑक्टेन किंवा त्याहून अधिकचं पेट्रोल वापरावं." (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल वेळेआधी न पेटता किती तग धरतं, त्याचा आकडा.) मग तिने विचारलं, "साळूबाई, तुमच्या साध्याच्या पाटीवर आकडा काय आहे हो?"

"एक्याण्णव."

"आणि प्रीमियमच्या?"

"पंच्याण्णव."

"म्हणजे दोन्ही चालतं. फक्त असं उभं राहणं चालत नाही. साधं टाका, टाकी फुल करा."

अनसूयाने पान पुढे चाळलं. "आणि मिसळू नये असं ह्यात कुठेही लिहिलेलं नाही."

महिपत आणि त्र्यंबक एकमेकांकडे बघू लागले. दोघांनाही एकदमच वडाभोवतीचं रिंगण आठवलं असावं.

"वहिनी, ते किमान झालं," त्र्यंबक सावरून म्हणाला. "किमान म्हणजे अगदीच कमीत कमी. जाणकार माणूस किमान टाकत नाही."

"भाऊजी, तुमची स्वतःची गाडी कुठली?"

त्र्यंबकने मोबाइल खाली घेतला. "मी अजून घेतलेली नाही," तो म्हणाला. "अभ्यास चालू आहे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उद्या कुठेही काहीही टाकाल. त्याच पुस्तिकेत शेजारच्या पानावर मोठ्या इंजिनाच्या गाडीसाठी लिहिलं होतं की, तिला पंच्याण्णवच लागतं, त्याखाली नको. तशी गाडी जंगलात एकट्या गेंड्याकडे होती. आणि महिपतच्या सल्ल्याने गेंडा तिच्यात वर्षभर साधं टाकत होता. इंजिन टकटक करायचं. पण गेंड्याला वाटायचं, कुणी दार वाजवतंय. तो दर वेळी "कोण आहे?" म्हणायचा आणि पुढे जायचा.

"झिरो बघून घ्या," साळूबाई म्हणाली. पहिल्यांदाच कुणी झिरो बघितला नाही.

टाकी भरली. गाडी घाटाला लागली. आणि काय सांगू, बाळांनो, तो पंखा फिरू लागला आणि गाडी अशी निघाली की नरहरी स्वतःच घाबरला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर, नेमकी जिथे ती जुनी गाडी बसली होती तिथे, नरहरीच्या कानावर आवाज आला.

टक. टक. टकटक.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "त्र्यंबकराव म्हणालेच होते. टकटक आली. इंजिन गेलं." आणि त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"अहो, थांबवू नका!"

"अगं, पण टकटक..."

"माझ्या बांगड्या आहेत त्या!" अनसूया ओरडली. ओटीभरणात घातलेल्या हिरव्या बांगड्या. दाराची मूठ घट्ट धरून ती कळा सोसत होती आणि हात थरथरला की बांगड्या दारावर आपटत होत्या. "बांगड्या आहेत. तुम्ही चालवा. माझ्याकडे बघू नका, इंजिन ऐकू नका, कुणाला आठवू नका. नुसतं चालवा."

नरहरीने तिचं ऐकलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यात ही पहिलीच वेळ होती की त्याने बायकोचं ऐकलं आणि दुसऱ्या कुणाला ते बरोबर आहे का असं विचारलं नाही. त्याने दात आवळले आणि पाय ब्रेकवरून उचलून दुसरीकडे ठेवला.

घोरपडबाई दारातच उभी होती. तिने अनसूयाला आत घेतलं आणि नरहरीला म्हणाली, "तू बाहेर बस. आणि काही विचारू नकोस."

तो पायरीवर बसला. ऊन उतरलं. आतून आधी एक बारीक आवाज आला. मग दुसरा. मग तिसरा. नरहरी उभा राहिला. मग चौथा आला तेव्हा तो पुन्हा खाली बसला. आणि तो रडला. दोन वर्षं साचलेलं होतं ते सगळं तिथे पायरीवर बाहेर आलं. घोरपडबाई त्याच्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवून निघून गेली. ती शहाणी बाई होती.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या जंगलात गोष्टी संपत नसत. लोक बारशाला येत.

बाराव्या दिवशी सगळं जंगल आलं. कुणाला बोलावलं होतं आणि कुणाला नव्हतं, हे अशा वेळी कळत नाही. पाळण्यात चार पिल्लं होती, एकमेकांवर पाय टाकून. बायकांनी पाळणा म्हटला. आत्याने नावं ठेवली. भेकरीण घुगऱ्या वाटत होती. अनसूया कोपऱ्यात टेकून बसली होती, दमलेली आणि खूश.

बाहेरच्या ओसरीवर महिपत सांगत होता, "साध्यावर चढली की नाही गाडी? तीस वर्षं हेच सांगतोय."

त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्र्यंबक सांगत होता, "टाकीच्या तळाशी आधीचे प्रीमियमचे थेंब उरले होते. त्या थेंबांनी गाडी वर नेली. ह्यावर मी उद्या सविस्तर बोलणार आहे."

ऐकणारे दोन्हीकडे सारखेच होते. अनसूयाने पान एकशे बारा वाचलं होतं, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. साळूबाईच्या होतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

मग त्र्यंबक पाळण्याशी आला. त्याने चष्मा चढवला आणि वाकून पिल्लांकडे बघितलं.

"छान आहेत," तो म्हणाला. "पण जरा मंद वाटतात. काय पाजता यांना?"

"अंगावरचं," अनसूया म्हणाली.

"साधंच?" त्र्यंबकच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं. "वहिनी, काळ बदललाय. घाटाखालची हवा जड आहे, पिल्लं चार आहेत. आता डब्यातलं खास दूध मिळतं. त्याने बुद्धीला जोर येतो."

"अंगावरचंच द्या," महिपत ओसरीवरून ओरडला. "आम्ही काय डब्यावर वाढलो?"

"म्हणून असे झालात!"

"थोडं हे, थोडं ते द्यावं," एक माकड म्हणालं.

"मिसळू नका!" महिपत आणि त्र्यंबक एकदम म्हणाले.

झालं. पाळण्याभोवती गर्दी जमली. अर्ध्या घराने डाव्या बाजूला उभं राहून एक म्हणायला सुरुवात केली, अर्ध्याने उजव्या बाजूला दुसरं. आवाज चढले. एक पिल्लू जागं झालं आणि रडू लागलं. मग दुसरं. अनसूयाने हात पुढे केले, पण गर्दीतून तिला पाळणाच दिसेना. भुकेल्या चार जिवांच्या आणि त्यांच्या आईच्या मध्ये अख्खं जंगल उभं राहून त्यांच्या भल्याचा विचार करत होतं.

"नरहरी, तू सांग," त्र्यंबक म्हणाला. "घर तुझं आहे. मोकळेपणाने बोल. मग आम्ही ठरवू."

सगळ्यांनी नरहरीकडे बघितलं. नरहरीने तोंड उघडलं. अनसूयाने श्वास रोखला, कारण तो चेहरा तिला चांगला ओळखीचा होता.

नरहरी गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्याने चारही पिल्लं उचलली आणि अनसूयाच्या मांडीत नेऊन ठेवली. रडणं तिथल्या तिथे थांबलं. मग त्याने तिच्यापुढे पडदा ओढला, पडद्यापुढे स्वतः उभा राहिला आणि हात जोडले.

"घुगऱ्या सगळ्यांना मिळाल्या ना?" त्याने विचारलं.

"मिळाल्या," लोक म्हणाले.

"बरं," नरहरी म्हणाला. "या आता."

लोक गेले. म्हणजे कुंपणापर्यंत गेले. तिथे उभे राहून दिवेलागणीपर्यंत त्यांनी नरहरीच्या उद्धटपणावर चर्चा केली आणि दोन तट पडले. महिपत म्हणाला, हा पूर्वी असा नव्हता. त्र्यंबक म्हणाला, हे प्रीमियममुळे झालं.

आत पडद्यामागे चार पिल्लं पीत होती. किती भरलं, हे कुणी बघत नव्हतं.

तात्पर्य: बाळांनो, पुस्तिका कधीही वाचू नये. ती पुजावी आणि ठेवून द्यावी. वाचली की पान एकशे बारावर उत्तर सापडतं, आणि उत्तर सापडलं की एवढ्या हुशार लोकांनी जायचं कुठे? आपलं एखादं मूल गेलं तरी चालेल, पण जंगलातली चर्चा बंद पडता कामा नये.